शिरोलीतील कारखान्याचा सर्व्हर रात्री आपोआप रीस्टार्ट होतो : वीज, हार्डवेअर की घुसखोरी?

शिरोली_संगणकसेवा

नमस्कार मंडळी. शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका मशीन शॉपच्या सर्व्हरबद्दल जाणकारांचा सल्ला हवा आहे. कास्टिंगवर मशीनिंग करून देणारा हा मध्यम आकाराचा कारखाना असून टॅली, उत्पादनाच्या नोंदी आणि ग्राहकांच्या ड्रॉइंगच्या फायली हे सारे एकाच टॉवर सर्व्हरवर चालते. त्यावर विंडोज सर्व्हर २०१६ आहे. २०१९ च्या महापुरात महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला, त्यानंतर मालकांनी खबरदारी म्हणून सर्व्हर तळमजल्यावरून पोटमाळ्यावर हलवला. वर पत्रा आहे आणि खोलीत एक जुना एसी आहे.

अलीकडे हा सर्व्हर कोणी हात न लावता रीस्टार्ट होऊ लागला आहे. कधी भर दुपारी होतो, कधी मध्यरात्रीनंतर. पहिल्या पाळीचे लोक येतात तेव्हा तो चालूच असतो, पण रात्रभर लावून ठेवलेले अहवाल अर्धवट पडलेले असतात आणि टॅलीचा डेटा उघडताना अडचण येते. कारखान्यात सर्वांचा संशय विजेवर आहे, कारण शेजारी फाउंड्री आहे आणि तिथली इंडक्शन भट्टी चढली की आमच्या दिव्यांचा उजेड हलतो. परंतु सोमवारी साप्ताहिक सुट्टीमुळे ती फाउंड्री बंद असते, आणि सोमवारी रात्रीही सर्व्हर रीस्टार्ट झालेला आहे. विंडोजच्या नोंदी दाखवणाऱ्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘क्रिटिकल’ नोंदी निवडल्या की ‘कर्नेल-पॉवर ४१’ एवढेच दिसते.

आणखी एक गोष्ट सांगणे आवश्यक वाटते. शाहूपुरीतील सनदी लेखापालांच्या कार्यालयातून थेट काम करता यावे म्हणून राउटरवर रिमोट डेस्कटॉपचे (दूरच्या संगणकावरून सर्व्हर चालवण्याच्या सोयीचे) ३३८९ हे पोर्ट बाहेरच्या जगासाठी उघडलेले आहे. ही व्यवस्था माझ्याकडे देखभाल येण्यापूर्वीची आहे. तपास नेमका कुठून सुरू करावा?

लॉगवाचक

प्रश्न नीट मांडल्याबद्दल आभार. अशा प्रसंगी बहुतेक लोक थेट रॅम बदलायला किंवा विंडोज नव्याने टाकायला धावतात, म्हणून आधी एक विनंती करतो : कारण ठरवण्यापूर्वी रीस्टार्टचा प्रकार ठरवा. सर्व्हर अचानक मेला आणि पुन्हा उठला, की कोणीतरी त्याला रीतसर बंद व्हायला सांगितले, हा पहिला प्रश्न आहे. या दोन्हींच्या खुणा वेगळ्या असतात आणि दोन्हींचे तपासाचे रस्तेही वेगळे आहेत.

४१ या नोंदीचा अर्थ फक्त एवढाच की, मागच्या वेळी यंत्रणा रीतसर बंद झाली नव्हती. ती नोंद कारण सांगत नाही. शिवाय ती सर्व्हर पुन्हा सुरू झाल्यावर लिहिली जाते, त्यामुळे तिच्यावरची वेळ ही उठण्याची वेळ असते. बंद पडण्याची वेळ त्याच सुमारास पडलेल्या ६००८ या नोंदीच्या मजकुरात सापडते. ४१ उघडून तपशिलाच्या पानावर जा आणि बगचेक कोड, म्हणजे विंडोज कोसळल्याचा त्रुटी-क्रमांक, पाहा. तो शून्य नसेल तर निळा पडदा येऊन गेला आहे, आणि मग १००१ क्रमांकाची नोंद व मेमरी डंपची (कोसळतानाच्या मेमरीच्या प्रतीची) फाइल शोधावी लागेल. तो शून्य असेल तर वीज तुटली, यंत्र पूर्ण गोठले किंवा हार्डवेअरनेच मान टाकली, असे धरून चालावे. त्याच पानावर पॉवर बटणाच्या वेळेचा रकाना असतो. तोही शून्य असेल तर कोणी बटण दाबून धरल्याची शक्यता कमी होते.

मात्र तुम्ही केवळ ‘क्रिटिकल’ नोंदी निवडून पाहत आहात, हे मला फार महत्त्वाचे वाटते. रीतसर दिलेल्या रीस्टार्टची नोंद १०७४ क्रमांकाने पडते आणि ती साध्या ‘इन्फर्मेशन’ पातळीची असते, त्यामुळे तुमच्या गाळणीतून ती निसटते. गाळणी काढा आणि १०७४, ६००५ (सुरू होणे), ६००६ (रीतसर बंद होणे), ६००८ व ४१ एवढेच क्रमांक टाकून सगळा काळ एका रांगेत पाहा. १०७४ मध्ये कोणत्या प्रोग्रॅमने आणि कोणत्या खात्याच्या नावाने रीस्टार्ट मागितला, हे दोन्ही लिहिलेले असते. विंडोज अपडेटने मागितला असेल तर तेही तिथेच कळेल.

जयसिंगपूरकर

सर्व्हर दर तासाला बंद पडत असेल तर परवानाही तपासावा. विंडोज सर्व्हरची १८० दिवसांची चाचणी आवृत्ती मुदत संपल्यावर दर तासाला स्वतःहून बंद होते आणि १०७४ मध्ये त्या परवाना-सेवेचे नाव येते. आमच्याकडच्या एका दुकानात हेच निघाले होते.

भट्टीशेजारी

मी विजेच्या बाजूने लिहितो, कारण उद्यमनगर, शिरोली आणि गोकुळ शिरगाव या तिन्ही ठिकाणी मी हेच काम करतो. इंडक्शन भट्टी असलेल्या फीडरवर (वीजवाहिनीवर) व्होल्टेज क्षणभर खाली बसणे आणि हार्मोनिक्स येणे, म्हणजे विजेची लहर बिघडणे, ही नित्याची गोष्ट आहे. संगणकाचा पॉवर सप्लाय पूर्ण भारावर साधारण १६ ते २० मिलिसेकंद एवढाच काळ विजेशिवाय तग धरतो. लाइन-इंटरॅक्टिव्ह प्रकारच्या, म्हणजे एरवी बाहेरचीच वीज पुढे देणाऱ्या, यूपीएसला बॅटरीवर जायला काही मिलिसेकंद लागतात, आणि बॅटरी थकलेली असेल तर तो वेळेत गेला तरी बॅटरी भार पेलत नाही. पेटीवर हिरवा दिवा असतो, मालक समाधानी असतात, आणि सर्व्हर मात्र पडतो.

सीलबंद लेड-ॲसिड बॅटरी साधारण ३ ते ५ वर्षे चालते, आणि तीही २५ अंश तापमान धरून. त्यावर दर १० अंशांना आयुष्य जवळजवळ निम्मे होते, असा आमच्या क्षेत्रातला ठोकताळा आहे. पत्र्याखालच्या पोटमाळ्यावर एप्रिल-मे महिन्यात काय तापमान असते, हे तुम्हाला मी सांगायला नको. तेव्हा बॅटरीचे वय सांगा, यूपीएसचा प्रकार सांगा, आणि न्यूट्रल व अर्थिंग यांच्यामधील व्होल्टेज सर्व्हरच्या सॉकेटवर मोजा. ते दोन-तीन व्होल्टच्या वर असेल तर आधी अर्थिंगचा खड्डा पाहा. हे सगळे करण्यापूर्वी हॅकर वगैरे शंकांच्या मागे लागू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

सुरक्षेची_बाजू

भट्टीशेजारी यांच्या अनुभवाचा मला आदर आहे, पण शेवटच्या वाक्याशी मी सहमत नाही. ३३८९ इंटरनेटवर उघडे असताना सुरक्षेचा तपास मागे ठेवणे धोक्याचे आहे. दोन्ही तपास एकाच वेळी चालवले पाहिजेत, कारण विजेचा पुरावा उद्याही मिळेल. लॉगमधला पुरावा मात्र पुसला जात असतो.

अकारण रीस्टार्ट हे हल्ल्याचे लक्षण ठरल्याची उदाहरणे जुनी आहेत. ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर या वर्मने (स्वतःहून पसरणाऱ्या घातक प्रोग्रॅमने) विंडोजमधील आरपीसी या अंतर्गत सेवेतील त्रुटीचा फायदा घेतला आणि जगभरातील संगणकांवर ‘साठ सेकंदांत संगणक बंद होत आहे’ अशी खिडकी झळकू लागली. पुढच्याच वर्षी सॅसरने दुसऱ्या त्रुटीतून तेच केले. नोव्हेंबर २०१९ मध्ये ब्लूकीप या रिमोट डेस्कटॉपमधील त्रुटीचा प्रत्यक्ष वापर सुरू झाल्याचे उघडकीस आले, तेही संशोधकांनी सापळा म्हणून ठेवलेली यंत्रे निळा पडदा येऊन कोसळू लागल्यामुळेच. ब्लूकीप तुमच्या २०१६ आवृत्तीला लागू होत नाही, हेही इथेच नोंदवतो.

आजचे हल्लेखोर बहुधा यंत्र पाडत नाहीत. चोरलेल्या किंवा अंदाजाने सापडलेल्या पासवर्डने सरळ दारातून आत येतात. आत आल्यावर त्यांना रीस्टार्टची गरज काही ठरावीक कारणांसाठी पडते. स्नॅच आणि ॲव्होसलॉकर ही रॅन्समवेअर (फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारे प्रोग्रॅम) यंत्राला सेफ मोडमध्ये, म्हणजे मोजक्या मूलभूत प्रोग्रॅमवर चालणाऱ्या अवस्थेत, रीस्टार्ट करत, कारण त्या अवस्थेत अनेक अँटिव्हायरस चालत नाहीत. दुसरे कारण अधिक साधे आहे. विंडोज सर्व्हर २०१६ मध्ये डिफेंडर हा विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस काढून टाकता येणारे फीचर आहे आणि ते काढले की रीस्टार्ट करावा लागतो. त्यामुळे तुमच्या सर्व्हरवर डिफेंडर आजही आहे का, हे मला सर्वांत आधी जाणून घ्यायचे आहे.

सिक्युरिटी लॉगमध्ये ४६२४ ची यशस्वी लॉगिन पाहा, त्यातही प्रकार १० म्हणजे रिमोट डेस्कटॉप. ४७२० म्हणजे नवे खाते, ४७३२ म्हणजे कोणाला तरी एखाद्या स्थानिक गटात घातले, त्यात ॲडमिनिस्ट्रेटर गट आहे का ते पाहावे. ११०२ म्हणजे लॉग पुसला. सिस्टम लॉगमध्ये ७०४५ म्हणजे नवी सेवा बसवली गेली.

एक अडचण येईल, ती आधीच सांगतो. सिक्युरिटी लॉगचा आकार मुळात २० एमबीच असतो. पोर्ट उघडे असल्यामुळे पासवर्ड आजमावणाऱ्या यंत्रांच्या अयशस्वी लॉगिनच्या, म्हणजे क्रमांक ४६२५ च्या, नोंदींनी तो पटापट भरतो आणि जुन्या, कामाच्या नोंदी त्यातून बाहेर ढकलल्या जातात. तसे झाले असेल तर ‘टर्मिनल सर्व्हिसेस लोकल सेशन मॅनेजर’ हा स्वतंत्र लॉग उघडा. त्यातील २१ व २५ या नोंदींत यशस्वी जोडणीचे खाते आणि आयपी पत्ता दोन्ही असतात, आणि अयशस्वी प्रयत्नांची गर्दी तिथे होत नसल्यामुळे तो बराच मागचा काळ दाखवतो.

आणि कृपया राउटरवरील ते पोर्ट आत्ताच बंद करा. लेखापालांचे काम एखाद-दोन दिवस थांबले तरी चालेल.

शिरोली_संगणकसेवा

पोर्ट बंद केले आणि सर्वांनी सांगितल्याप्रमाणे नोंदी एका रांगेत लावल्या. जे दिसले ते जसेच्या तसे मांडतो.

रीस्टार्टचे दोन वेगळे गट निघाले. पहिल्या गटात ४१ आणि ६००८ आहेत, बगचेक कोड शून्य, पॉवर बटणाचा रकानाही शून्य. यातले बरेचसे भट्टी चालू असण्याच्या वेळेत आहेत. यूपीएस लाइन-इंटरॅक्टिव्ह आहे, बॅटरीवरची तारीख पाहता ती चार वर्षांहून जुनी आहे, आणि न्यूट्रल-अर्थिंगमधील व्होल्टेज मर्यादेत आहे. परवाना कायमस्वरूपी आहे.

दुसरा गट सोमवारच्या रात्रीचा. तिथे ४१ नाहीच. १०७४ आहे, प्रोग्रॅम म्हणून पॉवरशेल आहे आणि खात्याचे नाव ‘सपोर्ट’ असे आहे. असे खाते मी बनवलेले नाही, मालकांना ते माहीत नाही आणि लेखापालांकडे चौकशी केली तर त्यांचे खाते वेगळे आहे. हे ‘सपोर्ट’ खाते ॲडमिनिस्ट्रेटर गटात आहे. डिफेंडर सर्व्हरवर नाही. सिक्युरिटी लॉग खरोखरच ४६२५ ने भरलेला होता. पण सेशन मॅनेजरच्या लॉगमध्ये त्या रात्री भारताबाहेरच्या एका पत्त्यावरून याच खात्याने जोडणी केल्याचे स्पष्ट दिसते.

आणखी एक. रात्रपाळीच्या वॉचमनकाकांना विचारले तेव्हा ते म्हणाले की, अलीकडे रात्री माळ्यावरच्या पंख्यांचा आवाज खूप वाढतो आणि सकाळी थांबतो. याचा काही संबंध असेल का?

लॉगवाचक

संबंध दाट आहे. वॉचमनकाकांना जरूर धन्यवाद सांगा, कारण रात्री सर्व्हरजवळ असणारे तेच एकटे आहेत.

रात्री कोणी वापरत नसताना पंखे जोरात फिरतात याचा अर्थ प्रोसेसर पूर्ण भारावर चालला आहे. क्रिप्टो-मायनर, म्हणजे तुमच्या यंत्रावर चोरून आभासी चलन कमावणारा प्रोग्रॅम, बसवलेला असण्याची शक्यता मला सर्वाधिक वाटते. लोक कामावर असताना तो शांत राहतो आणि रात्री सुरू होतो. इथेच तुमचे दोन्ही गट एकमेकांना येऊन मिळतात. प्रोसेसर पूर्ण भारावर असताना सर्व्हर नेहमीपेक्षा बरीच जास्त वीज ओढतो. भट्टीने व्होल्टेज खाली बसवले की यूपीएस बॅटरीवर जातो, आणि जी थकलेली बॅटरी हलक्या भारावर कसाबसा तो क्षण निभावत होती, ती या वाढीव भाराखाली कोसळते. वीज लगेच परत येते, बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) ‘वीज आल्यावर चालू व्हा’ असे ठरवलेले असते, आणि सर्व्हर उठतो. दुपारच्या रीस्टार्टना हे लागू होईलच असे नाही. तिथे थकलेली बॅटरी हे एकच कारण पुरेसे असावे. मात्र रात्रीच्या ४१ नोंदींचे हे कारण मला पटते.

भट्टीशेजारी

हे स्पष्टीकरण विजेच्या बाजूनेही बसते. रात्री तुमच्या कारखान्याचा भार जवळजवळ नसताना सर्व्हर पडत होता, हे मला खटकत होतेच. पडताळून पाहण्यासाठी क्लॅम्प मीटरने सर्व्हरची रात्रीची आणि दिवसाची करंट मोजा. बॅटऱ्या तर बदलाव्याच लागतील, पण त्याच खर्चात थोडी भर घालून ऑनलाइन प्रकारचा यूपीएस घ्या. त्यात वीज कायम इन्व्हर्टरमधूनच जाते, त्यामुळे बदलाचा क्षणच उरत नाही. भट्टीच्या शेजारी लाइन-इंटरॅक्टिव्ह ठेवू नये, असे मी प्रत्येक ग्राहकाला आग्रहाने सांगतो.

हुपरीची_सुनंदा

माझा साधा प्रश्न आहे. आता घुसखोरी झाल्याचे कळलेच आहे, तर ते खाते काढून, अँटिव्हायरस टाकून, सर्व्हर साफ करून काम का सुरू करू नये? किंवा आजच फॉरमॅट का मारू नये? कारखाना किती दिवस थांबणार?

सुरक्षेची_बाजू

ताई, प्रश्न अगदी योग्य आहे आणि मालकही हाच विचारतील. ज्याच्या हाती ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार होते त्याने आणखी काय ठेवले आहे, याची खात्री कोणताही अँटिव्हायरस देऊ शकत नाही. शेड्यूल्ड टास्क, एखादी साध्या नावाची सेवा, जुन्याच एखाद्या खात्याचा बदललेला पासवर्ड, यांतले एक जरी राहिले तरी तो परत येतो. म्हणून सर्व्हर नव्याने उभारण्याला पर्याय नाही. पण आजच फॉरमॅट केला तर तो आत कधी आला आणि ग्राहकांची ड्रॉइंग बाहेर गेली का, हे कधीच कळणार नाही. ही ड्रॉइंग कारखान्याच्या मालकीची नाहीत. ती ग्राहकांनी विश्वासाने दिलेली आहेत. त्यामुळे हे शोधणे कर्तव्यच आहे.

क्रम असा ठेवा. सर्व्हरची नेटवर्क केबल काढा, पण वीज बंद करू नका, कारण चालू असलेल्या प्रक्रिया आणि मेमरीतला मजकूर वीज गेली की नाहीसा होतो. मेमरीची प्रत घ्या, सर्व इव्हेंट लॉग बाहेरच्या डिस्कवर निर्यात करा, मग डिस्कची संपूर्ण प्रतिमा घ्या आणि ती डिस्क बाजूला सीलबंद ठेवा. शक्य असेल तर मूळ डिस्कच काढून ठेवा आणि नवी डिस्क विकत घ्या. नुकसानीच्या तुलनेत तो खर्च किरकोळ आहे. बॅकअप घुसखोरीच्या आधीचा निवडा आणि त्यातून फक्त डेटा परत घ्या, प्रोग्रॅम घेऊ नका. बॅकअपची डिस्क सर्व्हरला कायम जोडलेली असेल तर तीही संशयित धरावी.

पासवर्ड सगळे बदला : सर्व्हरचे, राउटरचे, टॅलीचे, ईमेलचे, आणि त्या सर्व्हरवरून कोणी बँकेचे व्यवहार केले असतील तर तेही. हे बदल दुसऱ्या, स्वच्छ संगणकावरून करावेत.

इचलकरंजीहून

कायद्याची बाजू कोणी मांडलेली नाही म्हणून लिहिते. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या केंद्र सरकारी संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत कळवणे बंधनकारक आहे, आणि हे कंपन्यांनाही लागू आहे. संगणक यंत्रणेत अनधिकृत प्रवेश हा प्रकार त्या यादीत आहे. लघु व मध्यम उद्योगांना दिलेली मुदतवाढ २५ सप्टेंबर २०२२ रोजी संपली. त्याच निर्देशांत लॉग १८० दिवस जपून ठेवण्याचीही अट आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ व ६६ खाली हा गुन्हा ठरतो, त्यामुळे सायबर पोलिसांकडे तक्रार द्यावी. खात्यातून पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या मदतवाहिनीच्या १९३० या क्रमांकावर तत्काळ फोन करावा.

लहान कारखानदार बदनामीच्या भीतीने कळवत नाहीत, हे मी वारंवार पाहते. उद्या ग्राहकाने जाब विचारला तर वेळेत दिलेली तक्रार हाच तुमचा आधार असेल. मालकांना कृपया हे समजावून सांगा.

शिरोली_संगणकसेवा

काम मार्गी लागले आहे, म्हणून पुढची माहिती देतो. केबल काढून मेमरीची प्रत घेतली आणि मूळ डिस्क काढून ठेवली. प्रतिमेवर तपास केला तेव्हा शेड्यूल्ड टास्कमध्ये ‘अपडेट’ अशा नावाचे एक काम सापडले. ते रात्री मायनर सुरू करत होते आणि सकाळी थांबवत होते. मालकांनी सर्ट-इनला कळवले आणि पोलिसांत तक्रारही दिली. त्यांना तयार करण्यासाठी ग्राहकांच्या ड्रॉइंगचा मुद्दा सर्वांत उपयोगी पडला. फायली बाहेर गेल्याचा पुरावा अजून मिळालेला नाही, पण राउटरमध्ये जुन्या वाहतुकीच्या नोंदी शिल्लक नसल्यामुळे गेल्याच नाहीत असे मी म्हणू शकत नाही, आणि मालकांनी मोठ्या ग्राहकांना तसेच प्रामाणिकपणे लिहून कळवले आहे.

नवा सर्व्हर उभा राहिला. ऑनलाइन यूपीएस बसवला. लेखापालांना आता व्हीपीएनमधून (कूटबद्ध खासगी जोडणीतून), दुहेरी पडताळणीसह प्रवेश दिला आहे आणि बाहेर एकही पोर्ट उघडे नाही. क्लॅम्प मीटरने जुन्या अवस्थेतील रात्रीची करंट मोजायची मात्र राहून गेली, कारण केबल काढल्यावर मायनरचे काम थांबले होते.

एक प्रश्न उरतो. नव्या सर्व्हरवर लॉग १८० दिवस ठेवायचे तर नुसता लॉगचा आकार वाढवून भागेल का? आणि ४१ पुन्हा आलीच, तर आता संशय कुठे घ्यावा?

लॉगवाचक

आकार वाढवाच, सिक्युरिटी लॉग किमान १ जीबी करा. पण तेवढ्यावर थांबू नका. ज्याच्या हाती सर्व्हर आहे तो त्यावरचा लॉग पुसू शकतो, म्हणून लॉग दुसऱ्या यंत्रावर पाठवले पाहिजेत. कार्यालयातील एखादा जुना संगणक या कामासाठी पुरेसा आहे. विंडोजमध्येच नोंदी दुसरीकडे पाठवणाऱ्या इव्हेंट फॉरवर्डिंगची सोय आहे. त्या संगणकाचा पासवर्ड सर्व्हरपेक्षा वेगळा ठेवा आणि दोन्हींची घड्याळे एकाच एनटीपी (वेळ पुरवणाऱ्या) सर्व्हरशी जुळवा, नाहीतर नोंदींची रांग लावताना गोंधळ होईल. राउटरचे लॉगही तिथेच पाठवा.

ऑनलाइन यूपीएस असताना बगचेक शून्य असलेली ४१ आली तर सिस्टम लॉगमध्ये व्हीया-लॉगरच्या (हार्डवेअरमधील दोष टिपणाऱ्या घटकाच्या) नोंदी पाहा. १८ क्रमांकाची नोंद असेल तर प्रोसेसर, रॅम किंवा मदरबोर्डमध्ये दोष आहे असे समजून रॅमपासून तपासणी सुरू करा. तिथेही काही नसेल तर सर्व्हरच्या स्वतंत्र मॅनेजमेंट कंट्रोलरचा लॉग उघडा. तापमान आणि पॉवर सप्लाय यांच्या नोंदी विंडोज मेलेले असतानाही तो लिहीत असतो. पोटमाळ्यावरचा एसी एप्रिलच्या आत दुरुस्त करून घ्या.